शिरेतून दिल्या जाणाऱ्या चुंबकीय नॅनोकणांच्या सुरक्षिततेविषयी

अनघा_न्यूजर्सी

माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून मधुमेहामुळे त्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला आहे. तो आता चौथ्या टप्प्यात आहे. डायलिसिस अद्याप सुरू झालेले नाही, परंतु ते पुढेमागे लागणार हे गृहीत धरून येथील डॉक्टरांनी हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी व शीर जोडून केलेला मार्ग, करण्याची तयारी चालवली आहे. त्याआधी हाताच्या आणि छातीतील मोठ्या शिरा कोठे मोकळ्या आहेत व कोठे अरुंद झाल्या आहेत हे पाहण्यासाठी एमआरआय करावयाचा आहे. त्यात चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात त्या नेहमीच्या गॅडोलिनियमऐवजी फेरुमॉक्सिटॉल नावाचे औषध शिरेतून देण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला. माहितीपत्रक वाचल्यावर कळले की हे औषध म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण असून ते मुळात रक्तक्षयावर दिले जाते.

घरात यावरून बरीच चर्चा झाली. सासूबाईंचे म्हणणे एका वाक्यात मावणारे आहे: "अंगात लोखंडाचा कीस घालून मला त्या लोहचुंबकात झोपवणार का?" त्यावर हसणे सोपे आहे, पण नेमके उत्तर माझ्यापाशीही नाही. हे कण शरीरातून बाहेर कसे पडतात, मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या माणसाला ते झेपतात का, आणि अशा प्रकारची काही औषधे पूर्वी बाजारातून काढून घेतली गेली असे वाचले, ती धोकादायक होती म्हणून का, हे मला समजून घ्यायचे आहे. डॉक्टरांशी पुन्हा बोलणार आहोतच. त्यांना काय विचारावे हे आधी ठरवता आले तर बरे होईल.

क्ष_किरण

अनघाताई, मी पुण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करतो. आपल्या सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

लोखंडाचा कीस चुंबकाकडे ओढला जातो, चुंबकत्व धरून ठेवतो आणि त्याचे गोळे होतात. फेरुमॉक्सिटॉलमधील कणाचा लोहयुक्त गाभा जेमतेम ६ ते ७ नॅनोमीटरचा असतो, आणि भोवतालचे कर्बोदकाचे आवरण धरून व्यास १७ ते ३१ नॅनोमीटर भरतो. एवढ्या लहान आकाराचे कण सुपरपॅरामॅग्नेटिक असतात, म्हणजे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र आहे तोवरच ते चुंबकासारखे वागतात आणि क्षेत्र दूर होताच त्यांचे चुंबकत्व उरत नाही. शिवाय एमआरआयच्या बोगद्यात, म्हणजे रुग्ण जेथे झोपतो तेथे, क्षेत्र तीव्र असले तरी जवळजवळ एकसारखे असते. कण ओढला जाण्यासाठी क्षेत्रात चढउतार असावा लागतो. जो थोडाफार असतो त्याचा जोर वाहत्या रक्तापुढे नगण्य आहे. त्यामुळे कण एका जागी जमा होतील किंवा शिरेला इजा करतील ही भीती सोडून द्यावी.

आता हे कण जातात कोठे ते पाहू. ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून जाण्याइतके लहान नाहीत, आणि आपल्या सासूबाईंच्या बाबतीत ही सोयीची गोष्ट आहे, कारण औषधाचा निचरा मूत्रपिंडांवर अवलंबून राहत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी हे कण गिळतात, पेशीतील आम्लयुक्त पिशव्यांत त्यांचे विघटन होते, आणि सुटलेले लोह फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात किंवा नव्या हिमोग्लोबिनमध्ये जाते. रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १५ तास लागतात. मात्र लोह शरीराबाहेर टाकण्याची स्वतंत्र व्यवस्था निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह झडणाऱ्या पेशींबरोबर जाते. म्हणून आधीच लोहाचा साठा वाढलेला असेल तर हे औषध देऊ नये, आणि त्यासाठी फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या रक्ततपासण्यांचे अलीकडचे अहवाल हाताशी असावेत. मात्रेचा अंदाज यावा म्हणून सांगतो: चित्रणासाठी बहुधा वजनाच्या किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिले जाते. ५० किलोच्या व्यक्तीला ते १५० ते २०० मिलिग्रॅम होते, आणि रक्ताच्या एका पिशवीतून जाणारे लोह २०० ते २५० मिलिग्रॅम असते.

खरा धोका निराळा आहे आणि तो लोहाचाही नाही, चुंबकाचाही नाही. तो तीव्र ॲलर्जीचा आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००९ मध्ये या औषधाला मान्यता दिली तेव्हा ते न मिसळता काही सेकंदांत शिरेत सोडण्याची मुभा होती. जून २०१४ पर्यंत ॲनाफायलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीच्या, ७९ घटना एफडीएकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी १८ रुग्ण तातडीचे उपचार मिळूनही दगावले. सुमारे तीन चतुर्थांश घटना औषध चालू असताना किंवा संपल्यानंतर ५ मिनिटांत सुरू झाल्या होत्या, आणि ७९ पैकी ३४ जणांना पूर्वी कोणत्या ना कोणत्या औषधाची ॲलर्जी झालेली होती. मार्च २०१५ मध्ये औषधावर सर्वांत कडक अशी चौकटीतील सूचना छापणे सक्तीचे झाले. तेव्हापासून ते सलाईनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटे चालवायचे आणि नंतर किमान अर्धा तास रक्तदाब व नाडीवर लक्ष ठेवायचे असा दंडक आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एमआरआयसाठी हे औषध दिलेल्या ३,२१५ रुग्णांची व ४,२४० इंजेक्शनांची अनेक केंद्रांतील एकत्रित नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत औषधाशी संबंधित असू शकतील असे त्रास १.९ टक्के वेळा झाले. बहुतेक सौम्य होते, जीवघेणा एकही नव्हता. पण अत्यंत विरळ घटना सव्वाचार हजारांच्या नोंदीत दिसेलच असे नाही, त्यामुळे या आकड्याने निर्धास्त होऊ नये आणि त्या १८ मृत्यूंमुळे औषध त्याज्यही ठरवू नये.

बाजारातून गेलेल्या औषधांबद्दल थोडक्यात लिहितो. फेरिडेक्स, ज्याला युरोपात एंडोरेम म्हणत, ते यकृताच्या गाठी पाहण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २००८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ते अर्धा तास सलाईनमधून द्यावे लागे, मध्येच काहींची कंबर व पाठ दुखू लागे, आणि तोवर यकृतासाठी गॅडोलिनियमची सोयीची औषधे आल्याने मागणी राहिली नाही. युरोपातील फेरुमॉक्सिटॉल २०१५ मध्ये कंपनीने व्यापारी कारण देऊन स्वतःच मागे घेतले. वरील इशारा आणि ही माघार एकाच वर्षातली आहे, हे वाचकाने आपल्या मनाशी नोंदवावे.

आपण डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारा. जुन्या गॅडोलिनियम औषधांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांत त्वचा व अवयव घट्ट करणारा नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस होतो हे २००६ च्या सुमारास उघड झाले आणि तेव्हापासून सगळेच सावध झाले. परंतु नव्या, घट्ट बांधणीच्या गॅडोलिनियम औषधांत हा धोका फारच कमी आढळतो. ते उपलब्ध असताना येथे फेरुमॉक्सिटॉलच का, याचे उत्तर त्यांच्यापाशी असेल. मोठ्या शिरांच्या चित्रणात ते रक्तात बराच वेळ टिकते आणि चित्रे निवांत काढता येतात, हे एक चांगले कारण आहे. पण रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठीचा हा वापर मूळ मान्यतेच्या चौकटीबाहेरचा आहे, याची कल्पना रुग्णाला दिलेली असावी.

जुना_जिज्ञासू

वरील माहिती उत्तम आहे. एक उपप्रश्न विचारतो. आपल्याकडे लोहभस्म आणि मंडूर भस्म शेकडो वर्षे पोटात घेतले जाते आणि त्यातही अतिसूक्ष्म कण असतात असे अलीकडे सांगितले जाते. मग लोहाच्या नॅनोकणांची सुरक्षितता आपल्या अनुभवाने आधीच सिद्ध झालेली आहे असे म्हणता येणार नाही का?

फेराइट

म्हणता येणार नाही. पोटातून घेतलेल्या लोहापैकी किती आत घ्यायचे हे आतडे ठरवते. यकृतातून येणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक त्या दारावर पहारा करते. शिरेतून दिलेले लोह हा पहारा ओलांडून थेट रक्तात उतरते. शिवाय भस्मातील कणांचे आकार सरमिसळ असतात आणि त्यांवर रक्तासाठी तयार केलेले आवरण नसते. भस्माचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. त्यावरून इंजेक्शनाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

मी मुंबईत याच प्रकारच्या पदार्थांवर संशोधन करतो, म्हणून आवरणाच्या मुद्द्यावर थोडे अधिक लिहितो, कारण "चुंबकीय नॅनोकण सुरक्षित आहेत का" हा प्रश्न या रूपात विचारला की त्याला उत्तरच नसते. प्रयोगशाळेत मी लोहाचे दोन क्षार अल्कलीमध्ये एकत्र आणले की काही मिनिटांत काळाकुट्ट गाळ तयार होतो आणि काचपात्राखाली चुंबक धरला की तो तळाशी जाऊन बसतो. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे चुंबकीय ऑक्साइडच आहे, फेरुमॉक्सिटॉलचा गाभाही त्याच कुळातला आहे, पण तो गाळ कोणाच्या शिरेत सोडणे हा गुन्हा ठरेल. उघडे कण रक्तात गेल्यावर एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर प्रथिनांचा थर चढतो, आणि पृष्ठभागावरून सुटणारे फेरस आयन पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण करतात. ही फेंटन अभिक्रिया डीएनएपर्यंत इजा करू शकते. आवरणाचे काम कणांना सुटे ठेवणे आणि लोह हळूहळू, तेही योग्य पेशीत पोचल्यावरच सुटेल असे पाहणे हे आहे. गंमत अशी की जुन्या लोहाच्या इंजेक्शनांतील डेक्स्ट्रानचे आवरणच ॲलर्जीला निमित्त होत असे, आणि ते बदलण्यासाठीच फेरुमॉक्सिटॉलला वेगळ्या कर्बोदकाचे आवरण दिले गेले. धोका त्यामुळे घटला असेल, संपला नाही, हे वरील आकड्यांवरून दिसतेच.

गाभ्यात लोहाऐवजी कोबाल्ट किंवा निकेल घातले तर चुंबकीय गुण हवे तसे बदलता येतात, आणि शोधनिबंधांत अशा कणांची रेलचेल असते. पण लोहाचे विघटन झाल्यावर शरीर ते कामाला लावते, कोबाल्ट व निकेल बाहेर पडले तर विषबाधा होते. माझ्या मते मानवी वापराचा उल्लेख करणाऱ्या अशा प्रत्येक निबंधाकडे संशयाने पाहावे.

पेशींवरील चाचण्यांचे निष्कर्ष वाचतानाही जपावे लागते. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे बहुधा द्रावणाच्या रंगावरून ठरवतात, आणि आमचे कण स्वतःच गडद तपकिरी असल्यामुळे ते प्रकाश शोषतात. कण धुऊन काढले नाहीत तर मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. जिवाणूंच्या विषाचा अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, कणांना चिकटून आला असेल तर उलटे होते: दोष त्याचा आणि नाव कणांचे. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मूळ औषध मान्यताप्राप्त असले तरी त्याचे नॅनोरूप स्वतंत्रपणे तपासले जावे, ही भूमिका मला योग्य वाटते.

कण तापण्याबद्दल कोणी विचारले नाही, पण तो प्रश्न येणारच म्हणून लिहितो. बर्लिनमधील मॅगफोर्स या कंपनीने ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर कण तापवून गाठ नष्ट करण्याची चिकित्सा विकसित केली होती. तीत १२ नॅनोमीटर गाभ्याचे कण थेट गाठीत टोचत आणि १०० किलोहर्ट्झने उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रात ते तापवत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठ पुन्हा उद्भवलेले ५९ रुग्ण होते आणि सोबत किरणोपचारही दिले होते. तेथील द्रवात एका मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम लोह असे. सासूबाईंच्या रक्तात १५० मिलिग्रॅम लोह काही लिटरमध्ये विखुरलेले असेल, म्हणजे प्रमाण हजार पटींहून अधिक विरळ, आणि एमआरआयचे क्षेत्रही त्या कामासाठी जुळवलेले नसते. त्या जर्मन उपचारात क्षेत्राच्या ४० सेंटिमीटरच्या आतील धातू, दाढेतील चांदीसुद्धा, आधी काढावी लागे, आणि कण गाठीतच राहत असल्याने नंतर त्या भागाचा एमआरआय निरुपयोगी ठरे. मृत्यू समोर उभा असलेल्या रुग्णाने हे पत्करणे समजण्यासारखे आहे. केवळ चित्र काढण्यासाठी कोणी पत्करणार नाही. सुरक्षिततेचा निकष असा कारणागणिक बदलतो.

अनघा_न्यूजर्सी

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना पहिले उत्तर वाचून दाखवले आणि चुंबकाचा विषय त्यांनी सोडून दिला. मात्र ॲलर्जीचा परिच्छेद ऐकताना त्या म्हणाल्या की कोल्हापूरला असताना त्यांना एकदा लोहाचे सलाईन लावले होते, ते चालू असताना अंगाला खाज सुटली आणि सिस्टरांनी सलाईन मध्येच बंद केले. ही गोष्ट येथील कोणत्याही फॉर्मवर लिहिलेली नाही, कारण औषधाचे नाव त्यांना ठाऊक नाही. याला महत्त्व द्यावे का?

डायलिसिस_सिस्टर

अनघाताई, द्यावे, आणि तपासणीची तारीख येण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे. मी नाशिकला डायलिसिस विभागात परिचारिका आहे व लोहाची इंजेक्शने देणे हे माझे रोजचे काम आहे. शिरेतून दिलेल्या कोणत्याही लोहाची ॲलर्जी पूर्वी झालेली असेल तर फेरुमॉक्सिटॉल देऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. येथे "कोणत्याही" हा शब्द महत्त्वाचा आहे. तेव्हाचे औषध आयर्न सुक्रोज होते की दुसरे काही, यावर ही मनाई अवलंबून नाही.

अर्थात सलाईन चालू असताना झालेला प्रत्येक त्रास ॲलर्जीचा नसतो. लोह वेगाने गेले तर चेहरा लाल होतो, छातीत जड वाटते, पाठीत दुखते. सलाईन थांबवले की काही मिनिटांत सारे निवळते, आणि रक्तदाब उतरत नाही, धाप लागत नाही, अंगावर काही उठत नाही. असा रुग्ण पुढे सावकाश दिलेले लोह बहुधा सहन करतो. याउलट अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज येणे, आवाज बसणे, घरघर, चक्कर येऊन रक्तदाब खाली जाणे ही लक्षणे ॲलर्जीकडे बोट दाखवतात. नुसती खाज या दोहोंच्या मध्ये पडते, आणि तिचा निवाडा आपण घरी करू नये. शक्य असेल तर कोल्हापूरच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड शोधावे. सलाईन बंद केल्यानंतर एव्हिल किंवा हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवरची औषधे दिल्याची नोंद तेथे असेल तर तेव्हाच्या डॉक्टरांनी काय गृहीत धरले होते ते कळेल.

आणखी एक, जे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. कोणत्याही कारणाने फेरुमॉक्सिटॉल दिले गेलेच, तर पुढील तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्या एमआरआयच्या चित्रांवर त्याचा परिणाम दिसू शकतो. म्हणून गुडघ्याचा किंवा पोटाचा एमआरआय ठरला असेल तर औषधाची तारीख तेथे सांगावी. सीटी, एक्स-रे आणि सोनोग्राफीला त्याची अडचण येत नाही. लोहाची रक्ततपासणीही औषधानंतर चोवीस तासांच्या आत करू नये, कारण सीरम आयर्न खोटेच वाढलेले येते.

वय आणि मधुमेह यांबद्दलही लिहिते. औषधाची तीव्र रिॲक्शन सत्तरीच्या जवळच्या, इतर आजार असलेल्या रुग्णाला तरुणापेक्षा अधिक महागात पडते, कारण रक्तदाब उतरला की हृदय आणि मूत्रपिंडे तो धक्का सोसू शकत नाहीत.

अनघा_न्यूजर्सी

दिरांनी कोल्हापूरच्या घरातील फायली पाहून कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर आयर्न सुक्रोज सुरू केल्यानंतर खाज व पोटावर गांधी, सलाईन बंद, एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन दिले, असे हाताने लिहिलेले आहे. तो फोटो येथील डॉक्टरांना दाखवला. त्यांनी फेरुमॉक्सिटॉलचा बेत रद्द केला असून लोहाची ॲलर्जी म्हणून सासूबाईंच्या नोंदीत ठळक टीप घातली आहे. आधी दोन्ही हातांची कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायची, आणि छातीतील शिरांबद्दल शंका उरलीच तर क्ष_किरण यांनी लिहिलेल्या नव्या प्रकारच्या गॅडोलिनियमचा विचार करायचा, असे ठरले आहे. डॉपलरची वेळ पुढील आठवड्यातील मिळाली आहे.

क्ष_किरण

योग्य निर्णय आहे. डॉपलरमध्ये हाताच्या शिरा चांगल्या दिसतात, मात्र गळपट्टीच्या हाडामागील शिरा हाडामुळे झाकल्या जातात. त्या भागाबद्दल अहवालात काय लिहिले आहे ते मुद्दाम पाहा. पूर्वी कधी गळ्यात किंवा छातीत कॅथेटर घातला गेला असेल तर तेही तपासणीपूर्वी सांगा, कारण शिरा अरुंद होण्याचे ते नेहमीचे कारण असते. आणि कोल्हापूरच्या कार्डाची एक प्रत सासूबाईंच्या पर्समध्ये राहू द्या. डायलिसिस सुरू झाल्यावर लोह देण्याचा प्रश्न पुन्हा येणार आहे.